आईचा रिपोर्ट आणि बाळाचे पहिले चोवीस तास

कोरोनाच्या पहिल्या लाटेत जिथं जिथं गरोदर बाई होती, त्या घरात एकच प्रश्न होता. आईला लागण झाली तर बाळाचं काय होणार? तेव्हा याचं नीट उत्तर जगात कुणाकडेच नव्हतं. मुंबईत ते हळूहळू मिळत गेलं ते महापालिकेच्या रुग्णालयांतल्या बाळंतपणाच्या वॉर्डांत. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात एप्रिल-मे २०२० मध्ये साधारण महिनाभरात कोरोनाबाधित आयांची ११५ बाळं जन्मली. त्यातल्या तिघांचा पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता, पुढच्या तपासणीत तोही निगेटिव्ह आला. दोन बायका मात्र दगावल्या, त्यातली एक तर बाळंत होण्याआधीच. नायर रुग्णालयातही अशी शेकडो बाळंतपणं झाली. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं नायरला सोबत घेऊन ‘प्रेगकोविड’ नावाची नोंदणी सुरू केली, त्यामुळे पुढच्या डॉक्टरांना अंदाज बांधायला आधार मिळाला.

अपवादही घडले. जुलै २०२० मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयानं एक प्रकरण जाहीर केलं. आईच्या पोटात असतानाच, वारेतून बाळाला कोरोनाची लागण झाली होती. बाळ गंभीर आजारी पडलं आणि तीनेक आठवड्यांच्या उपचारांनंतर बरं होऊन घरी गेलं. अशी उदाहरणं थोडी होती. बहुतेक बाळं सुखरूप होती. जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीपासून सांगत होती की आईनं मास्क लावावा, हात धुवावेत आणि बाळाला स्वतःचं दूध पाजावं. बाळाला आईपासून तोडण्यानं होणारं नुकसान त्या विषाणूच्या धोक्याहून मोठं होतं.

हे सगळं आज आठवण्याचं कारण वेगळं आहे. ज्या विषाणूनं बाळांना क्वचितच गाठलं, त्याच्या भीतीनं आपण घरंच्या घरं बंद केली. आणि जो विषाणू बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाकडे खरोखर जातो, आयुष्यभर शरीरात घर करून बसतो, ज्यावर स्वस्त लस आहे आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, त्याचं नावही आपल्या घरांत कुणी घेत नाही. तो विषाणू म्हणजे हिपॅटायटिस बी. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वरोरसारख्या गावात एखादी मुलगी बाळंत होते, तेव्हा तिच्या बाळाच्या वाट्याला येणारे पहिले चोवीस तास या एका गोष्टीसाठी राखून ठेवता येतील का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे कावीळ म्हटलं की सगळ्या काविळी एकाच टोपलीत जातात. त्या तशा नाहीत. हिपॅटायटिस ए आणि ई हे दूषित पाण्यातून येतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती अशाच पाण्यातून. डोळे पिवळे होतात, जेवण जात नाही, काही आठवड्यांत बहुतेक माणसं आपोआप बरी होतात. कुणी काविळीची माळ घातलेली असते, कुणी झाडपाला घेतलेला असतो, कुणी उतरवून घेतलेली असते. बरं होण्याचं श्रेय त्याला मिळतं. यातली हिपॅटायटिस ई गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जीवघेणी ठरू शकते. त्यामुळे गरोदरपणात डोळे पिवळे दिसले तर माळ घालत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हिपॅटायटिस बी पाण्यातून येत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुई-पात्यातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला मिळतो. बहुतेकांना तो आपल्या अंगात आहे हे ठाऊकच नसतं, कारण डोळे पिवळे होत नाहीत, अंगही दुखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात सुमारे तीन कोटी माणसं हा विषाणू घेऊन जगताहेत. त्यात गरोदर बायकाही आहेत. अशी बाई धडधाकट दिसते, घरकाम करते, मासळी विकते, शेतावर जाते. तिचं बाळंतपणही सुरळीत होतं. फक्त जन्माच्या वेळी तिचं रक्त बाळाच्या संपर्कात येतं, आणि विषाणू सोबत जातो.

वय इथं सगळ्यात महत्त्वाचं आहे. मोठ्या माणसाला ही लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांचं शरीर विषाणूला हाकलून लावतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं उलटं असतं. लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांच्या शरीरात तो कायमचा राहतो. बाळाची रोगप्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखतच नाही. बाळ हसतं, रांगतं, शाळेत जातं. मग तिशी-चाळिशीत, घरची सगळी जबाबदारी खांद्यावर असताना, यकृत कडक होऊ लागतं किंवा यकृताचा कर्करोग निघतो. बाळपणी लागण झालेल्यांपैकी साधारण चौघांत एकाचा शेवट असा होतो. तेव्हा लोक विचारतात, दारू पीत होता का? पीत नसला तरी विचारतात. या आजाराची सुरुवात जन्माच्या दिवशी झाली होती, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

उपाय साधा आहे. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला हिपॅटायटिस बी लसीचा एक डोस. आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर त्यासोबत, दुसऱ्या मांडीत, इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, शक्यतो बारा तासांच्या आत. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लसीतून उरलेले डोस. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिला रोज एक गोळी देता येते, त्यानं बाळाचा धोका आणखी उतरतो. एवढं केलं की बहुतेक बाळं वाचतात, आणि आई बाळाला बिनधास्त अंगावर पाजू शकते.

तैवाननं हे करून दाखवलं. तिथं १९८४ मध्ये बाधित आयांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात झाली, दोन वर्षांत ती सगळ्याच बाळांना मिळू लागली. दहांतल्या एका मुलाच्या अंगात असलेला हा विषाणू पुढच्या पिढीत शंभरात एकापेक्षाही कमी मुलांत उरला. मुलांमधला यकृताचा कर्करोगही घटला. आपल्याकडे लस महाग म्हणून बरीच वर्षं गेली. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं देशी लस बाजारात आणली आणि किंमत कोसळली. आज पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते. सरकारी लसीकरणात २००२ मध्ये प्रायोगिक सुरुवात झाली आणि २०११ मध्ये ती देशभर लागू झाली. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. कागदावर कमी काही नाही.

कमी पडते ती वेळ. वरोर, चिंचणी, वाढवण ही समुद्राला लागून असलेली गावं. मासेमारी, बागायती, दागिन्यांच्या डाय बनवण्याचा घरगुती धंदा यांवर घरं चालतात. मोठं काही झालं की माणसं डहाणू गाठतात, तिथून पुढे वलसाड किंवा सिल्वासा, म्हणजे राज्याची हद्द ओलांडून. मुंबई शंभरावर किलोमीटर दूर. समजा, इथल्या एका मुलीला शनिवारी रात्री कळा सुरू झाल्या. आधी जवळचं केंद्र, मग डहाणू, तिथून गुंतागुंत म्हणून वलसाड. रविवारी पहाटे बाळ जन्मलं. तपासणीचा कागद घरी कपाटात राहिलाय. लस देणारी नर्स सोमवारी येणार. सोमवारी सकाळी बाळाला बीसीजी मिळाली, पोलिओचे थेंब मिळाले, हिपॅटायटिस बीचा डोसही मिळाला, पण तोवर चोवीस तास उलटून गेले होते. या गोष्टीत कुणीही वाईट वागलेलं नाही. तरीही बाळाची वेळ हुकली.

अशा वेळा हुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा माहेरची. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तपासण्या सासरच्या गावी झालेल्या असतात, रिपोर्ट तिकडेच राहतो. दुसरी जागा पोटासाठी गाव सोडण्याची. डहाणू-तलासरीच्या पाड्यांतली कितीतरी आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, बाळ तिथंच झोपडीत जन्मतं. तिसरी जागा घरच्या बाळंतपणाची. पाड्यावर सुईणीच्या हातून झालेलं बाळ लसीपर्यंत पोचेपर्यंत आठवडा जातो. चौथी जागा खुद्द दवाखान्याची. लसीची कुपी दहा डोसांची असते. एका बाळासाठी कुपी फोडायची कशी, नऊ डोस वाया जातील, या विचारानं हात आखडतो. खरं तर सरकारचाच नियम सांगतो की नीट थंड ठेवलेली, स्वच्छ हाताळलेली ही कुपी फोडल्यानंतर चार आठवडे वापरता येते. आणि एका बाळाचं यकृत वाचत असेल तर नऊ डोस वाया गेले तरी हिशेब फायद्याचाच आहे.

यावर उपाय परदेशातून आणायचे म्हटले तर एक इंडोनेशियात आहे, जगातल्या सगळ्यात जास्त मुस्लिम लोकसंख्येच्या देशात. तिथं गावातल्या प्रशिक्षित सुईणी, ज्यांना ‘बिदान’ म्हणतात, एका डोसाचं आधीच भरलेलं इंजेक्शन घेऊन घरी जातात आणि बाळाच्या पहिल्याच दिवशी मांडीत देतात. कुपी फोडण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. आज देशभर आशाताई बाळाच्या घरी जे ठरलेले फेरे मारतात, त्याचं मूळ तिथं आहे. गावातली बाई पहिल्याच दिवशी बाळाजवळ पोचू शकते, हे सिद्ध झालेलं आहे. तिच्या सोबत लस घेऊन नर्सला पाठवणं, एवढीच पुढची पायरी.

एचआयव्हीच्या बाबतीत आपण हे केलंही आहे. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता पंधरा ते पंचेचाळीस टक्के. गरोदरपणातच तपासणी, आईला औषधं, बाळाला जन्मल्याबरोबर औषध, एवढ्यानं ती पाच टक्क्यांच्या खाली येते. यासाठी समुपदेशक नेमले गेले, नोंदी ठेवल्या गेल्या, बाई हरवली तर तिला शोधून आणलं गेलं. हिपॅटायटिस बीच्या गरोदर बाईमागे अशी धावपळ करणारं कुणी का नसावं? तिच्या बाळाला तर एका लसीनं वाचवता येतं.

आता आपल्या घरांविषयी. आजार सांगितला तर लोक काय म्हणतील, ही भीती सगळ्याच समाजांत आहे. आपल्यात तिला आणखी एक धार आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये मरकजच्या बातम्यांनंतर नाव ऐकूनच माणसं मागं सरकत होती, भाजीवाल्याला नाव विचारलं जात होतं. विषाणूचं ओझं एखाद्या माणसावर लादणं म्हणजे काय असतं, ते आपण चांगलंच अनुभवलंय. मग आपल्याच घरातल्या सुनेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की तिची ताट-वाटी वेगळी का होते? हा विषाणू एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एका खोलीत झोपल्यानं पसरत नाही. ‘माहेराहून घेऊन आली’ हे वाक्य का निघतं? बऱ्याचदा तिला तो तिच्या जन्माच्या दिवशीच, तिच्या आईकडून मिळालेला असतो. तेव्हा लस नव्हती. यात तिचा काय गुन्हा? नवऱ्याची तपासणी व्हायला हवी, मोठ्या मुलांची व्हायला हवी, ज्यांना लागण नाही त्यांना लस मिळायला हवी. एवढं केलं की घर सुरक्षित होतं. रिपोर्ट लपवला तर त्याची किंमत बाळ मोजतं, कारण इम्युनोग्लोब्युलिन आधी मागवून ठेवावं लागतं. ते प्रत्येक दवाखान्याच्या फ्रिजमध्ये पडून नसतं.

बाळ जन्मल्यावर आपल्या घरांत जे केलं जातं, त्यातलं काहीही या काळजीच्या आड येत नाही. कानात अजान द्यायची तर ती लस टोचण्याआधीही देता येते, नंतरही. देणाऱ्याला सर्दी-खोकला असेल तर मास्क लावावा किंवा दुसऱ्यानं द्यावी. घुट्टीचं मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावं. एक वर्षापर्यंत बाळाला मध देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि दुसऱ्याच्या तोंडात चावलेली खजूर, त्यातही हिरड्यांतून रक्त येत असेल तर, बाळाच्या तोंडात घालणं धोक्याचं आहे. अकीक्याच्या वेळी जावळ काढताना आणि पुढे खतना करताना पातं नवं असावं, एकाच बाळासाठी वापरलेलं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. एका घरातून दुसऱ्या घरात जाणारा वस्तरा हा खर्च वाचवण्याचा मार्ग नव्हे. आणि आईचं पहिलं पिवळसर दूध, चीक, फेकू नये. कुरआननं दोन वर्षं दूध पाजण्याविषयी सांगितलेलं आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला जन्मतःच लस मिळाली असेल, तर तो हक्क त्याच्यापासून काढून घ्यायचं काही कारण नाही.

प्रत्येक विषाणूचा हिशेब मात्र वेगळा आहे. बाळंतपणाच्या आधी पाच दिवसांपासून नंतर दोन दिवसांपर्यंतच्या काळात आईच्या अंगावर कांजिण्या उठल्या, तर बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, कारण आईच्या शरीरात तयार होणारं संरक्षण बाळापर्यंत पोचलेलं नसतं. तिथं बाळाला वेगळं इंजेक्शन लागतं आणि डॉक्टर सांगतील तसं काही दिवस जपावं लागतं. देवीचा कोप म्हणून किंवा नजर लागली म्हणून अंगावरचे फोड लपवले, तर डॉक्टरला हे कळणार कसं? म्हणून आईला काय झालंय ते बाळंतपणाआधी दवाखान्याला ठाऊक असणं, हा सगळ्या विषाणूंना लागू पडणारा एकच नियम आहे.

वरोरचं नाव गेली काही वर्षं बातम्यांत येतं ते वाढवण बंदरामुळे. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. प्रकल्पाची किंमत ७६ हजार कोटींच्या वर आहे. वरोरपासून मुंबई-अहमदाबाद महामार्गापर्यंत कंटेनरसाठी रुंद रस्ता आखलेला आहे. बंदर हवं की नको यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा लढा जुना आहे आणि तो इथं दोन ओळींत मिटवण्यासारखा नाही. पण बंदर आलं तर हजारो कामगार कुटुंबं येतील, त्यांत गरोदर बायका असतील, त्यांचे कागद दुसऱ्याच राज्यात राहिलेले असतील. आणि बंदर नाही आलं तरी वरोरच्या लेकी बाळंत होणारच आहेत. दोन्ही वेळा मागणी तीच राहते.

ती मागणी मोठी नाही. गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीतच हिपॅटायटिस बीची चाचणी व्हावी आणि निकाल तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्या पानावर ठळक लिहिला जावा. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपण कुठे होणार ते आधी ठरवून तिथं इम्युनोग्लोब्युलिन पोचवून ठेवावं, मग ते डहाणूत असो वा वलसाडला. जिथं बाळंतपण होतं तिथं प्रसूतीच्या खोलीतच लस असावी, रविवारी, ईदच्या दिवशी आणि दिवाळीतही, आणि टोचण्याचा अधिकार ड्युटीवरच्या नर्सला असावा. घरी जन्मलेल्या बाळाची खबर आशाताईंनी देताच त्याच दिवशी नर्स तिथं जावी. आणि प्रत्येक तालुक्यानं दर महिन्याला एक आकडा जाहीर करावा. किती बाळं जन्मली आणि त्यातल्या किती जणांना चोवीस तासांच्या आत हा डोस मिळाला? ‘लस दिली’ एवढं पुरेसं नाही, किती वाजता दिली तेही लिहिलं जावं.

आपल्या बाजूनं करण्यासारखं काम याहून सोपं आहे. मोहल्ल्यात, पाड्यात, कोळीवाड्यात ज्या घरात सातवा-आठवा महिना लागलाय, तिथं जाऊन एक प्रश्न विचारायचा. काविळीची, म्हणजे एचबीएसएजीची तपासणी झाली का, आणि कार्ड माहेरी जाताना सोबत नेणार का? जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत दोन मिनिटं हे सांगता येतं. बचत गटाच्या बैठकीत सांगता येतं. बाळ झाल्याचा फोन आला की ‘मुलगा की मुलगी’ याच्या लगोलग ‘पहिली लस दिली का’ हेही विचारता येतं. विचारलं की पलीकडून कुणीतरी नर्सला विचारायला उठतं.